नकाशापुढचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, पण खिडकीचा नव्हे. खिडकीच्या पडद्यांना ऊन मिळतं, वारा मिळतो, घरातली मुलं त्यांच्याआड लपतात. माझ्या मागे आयुष्यभर एक भिंत होती आणि त्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. तो ज्याने पाहायचा नाही त्याला दिसू नये, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. भिंतीला कान असतात असं तुम्ही ऐकलं असेल. पडद्यालाही असतात, आणि ते भिंतीच्या पुढे असतात, त्यामुळे मी जरा जास्तच ऐकलं.

मला एका शिंपीणबाईंनी शिवलं. गडद निळं जाड कापड, आतून काळं अस्तर, म्हणजे मागे दिवा लावला तरी पलीकडची रेघ उमटू नये. सरकारी माणसाने त्यांना लांबी-रुंदी सांगितली, पण हे कापड कुठे लागणार, कशावर लागणार, ते सांगितलं नाही. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "ते सांगता येत नाही." बाई म्हणाल्या, "मग बाह्या ठेवू की नको, एवढं तरी सांगा." त्या माणसाने याचंही उत्तर वर विचारून सांगतो म्हटलं. माझ्या सरकारी नोकरीची सुरुवात ही अशी झाली.

माझी कचेरी हेरखात्याची होती. सीमेपलीकडून बातम्या आणायच्या, त्या जोडून बघायच्या आणि गप्प बसायचं, हा तिथला उद्योग. तुमच्या घरातही सगळ्यांना सगळं सांगत नाहीत. एखादी गोष्ट आईला सांगायची असते, पण काकांना नाही, आणि शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. कचेरीत याच्याच चार पायऱ्या केल्या होत्या. सगळ्यात खाली 'मर्यादित', मग 'गोपनीय', त्यावर 'गुप्त' आणि सगळ्यात वर 'अतिगुप्त'. प्रत्येक कागदाला यांतली एक पायरी आणि प्रत्येक माणसाला तेवढ्या पायरीपर्यंतचा परवाना. वरच्या पायरीचा कागद खालच्या परवान्याच्या माणसाने बघायचा नाही, आणि समजा परवाना असला, तरी कामाशिवाय बघायचा नाही.

ज्या दांडीवर मी लटकत होतो, तिच्यावर रंगाच्या तीन खुणा होत्या. हिरव्या खुणेपर्यंत मला सरकवलं की आपल्याकडचे रस्ते आणि गावं दिसत. पिवळ्या खुणेपर्यंत सरकवलं की सीमा दिसे. लाल खुणेपर्यंत गेलो की सीमेपलीकडचा थोडा भाग दिसे. त्याच्याही पुढे मी पूर्ण बाजूला झालो की पलीकडचे डोंगर आणि आपल्या माणसांच्या जागा दिसत, पण त्या फक्त अतिगुप्तवाल्यांना. खोलीत बसलेल्यांपैकी ज्याचा परवाना सगळ्यात खालचा, त्याच्या मापाने मला उघडायचं, असा नियम होता. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाच्या चालीने सगळ्या रांगेने चालायचं, तसं.

माझी दोरी ओढण्यासाठी एक स्वतंत्र माणूस होता. त्याला सगळे दोरीमामा म्हणत. दोरीमामा म्हणजे चहापेक्षा किटली गरम. दारावर टकटक झाली की ते आधी मला सर्रकन बंद करत, मग दार उघडत, येणाऱ्याच्या छातीवरचा परवाना वाचत आणि मग मला त्याच्या मापाने पुन्हा सरकवत. सगळ्यात जास्त धावपळ चहाच्या वेळी होई, कारण चहावाल्या काकूंना कसलाच परवाना नव्हता. त्या आल्या की मी बंद, चर्चा बंद, साहेबलोक छताकडे बघत बसलेले. काकू कप मांडता मांडता म्हणत, "माझ्या चहाला तुमचा नकाशा बघायची हौस नाही हो. गरम आहे तोवर प्या." मला त्या वेळी काकूंचं हसू येई, पण मनातून मला माझा फार अभिमान होता. एकदा वरून आलेल्या बड्या पाहुण्यांना आमचे साहेब म्हणाले होते, "या खोलीतला सगळ्यात भरवशाचा नोकर हा पडदा." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

आमच्या साहेबांना मागून सगळे कुलूपसाहेब म्हणत. माणूस सरळ होता, स्वच्छ होता, पण तोंड उघडण्याआधी तीनदा विचार करायचा आणि बहुतेक वेळा तिसऱ्यांदा न उघडायचं ठरवायचा.

आता मी ज्यांची गोष्ट सांगण्यासाठी तुम्हाला बोलावलं, त्या बाईंकडे येतो. माझ्यामागचा नकाशा ज्यांनी काढला, त्या रेघताई. खरं नाव वेगळं असणार, पण त्यांची रेघ इतकी बारीक आणि सरळ असे की त्यांना दुसरं नाव शोभलंच नसतं. बाहेरून आलेल्या बातम्या, विमानातून काढलेले फोटो, वाटाड्यांनी सांगितलेल्या खुणा, हे सगळं जुळवून त्यांनी तो नकाशा उभा केला होता. शेवटची रेघ ओढून त्यांनी हात पुसले आणि त्याच दिवशी मला भिंतीवर चढवलं. नकाशावर शिक्का बसला 'अतिगुप्त'. रेघताईंचा परवाना होता 'गुप्त'. दोरीमामांनी त्यांच्या छातीकडे बघितलं आणि मला लाल खुणेपर्यंत ओढून घेतलं.

रेघताई म्हणाल्या, "म्हणजे मी काढलेलं मीच बघायचं नाही?"

"बघायचं की," कुलूपसाहेब म्हणाले. "लाल खुणेपर्यंतचं."

"आणि उरलेलं माझ्या डोक्यात आहे, त्याचं काय?"

"डोक्याला पडदा लावायची सोय नाही, रेघताई. तेवढं चालवून घेऊ."

दोघंही हसले. मीसुद्धा मनात हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्याच खोलीत त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. रेघताईंचे वरिष्ठ म्हणजे मोजणीसाहेब, पांढऱ्या मिशांचे वयस्कर गृहस्थ. नकाशे काढण्याच्या कामात त्यांची एक जुनी रीत होती. गुप्त नकाशाच्या प्रत्येक प्रतीत एक अशी गोष्ट काढून ठेवायची, जी जमिनीवर नाहीच. एका प्रतीत खोटी विहीर, दुसरीत खोटं देऊळ, तिसरीत खोटी पायवाट. उद्या एखादी प्रत फुटून परक्यांच्या हाती गेली आणि त्यांच्या नकाशात ती खोटी विहीर उगवली, की कुठली प्रत फुटली ते लगेच कळावं. हिला ते चोरखूण म्हणत. चोरखूण कागदावर कुठेही नोंदवायची नाही आणि मोजणीसाहेब व रेघताई यांच्याशिवाय कुणाला सांगायची नाही, असा हुकूम होता. फक्त ज्याच्या ताब्यात नकाशा द्यायचा त्या अधिकाऱ्याला ती एकदा तोंडी सांगायची. माझ्यामागच्या नकाशातली चोरखूण मला त्या दोघांच्या कुजबुजीतून कळली. ती होती एक साकव, म्हणजे पायी जायचा छोटा लाकडी पूल. सीमेपलीकडच्या एका खोल दरीवर रेघताईंनी तो इतका सुबक काढला होता की मलाच त्यावरून चालून बघावंसं वाटे.

मोजणीसाहेब ते सांगायला आले. "या नकाशात एक गोष्ट आम्ही मुद्दाम..." एवढं त्यांनी म्हटलं आणि कुलूपसाहेबांनी हात वर केला.

"थांबा. ती मला माहीत असायची आत्ता गरज आहे का?"

"आत्ता नाही. पण रीत अशी आहे की..."

"मग नका सांगू. जे मला माहीतच नाही, ते माझ्या तोंडून फुटणार नाही."

मोजणीसाहेब मिशीवरून हात फिरवत परत गेले. कुलूपसाहेबांच्या या उत्तराचं कचेरीत फार कौतुक झालं. गुपित कसं राखावं याचा धडा म्हणून नव्या लोकांना ते सांगितलं जाई. पुढे मोजणीसाहेब आजारी पडले आणि वारले. आता तो साकव खोटा आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक रेघताई, आणि दुसरा मी, ज्याला तोंड नाही.

त्या काळात खोलीत एक तरुण अधिकारी येत असे. पलीकडच्या तीन भाषा त्याला येत आणि कुणाचीही नक्कल तो हुबेहूब करी, म्हणून त्याचं नाव पोपट. बैठकीत रेघताई असल्या की तो मुद्दाम त्यांच्या शेजारी बसे आणि हळूच म्हणे, "ताई, तुमच्यामुळे आम्हालाही अर्धाच सिनेमा बघावा लागतो." ताई म्हणत, "पूर्ण सिनेमा मीच काढलाय. गप बस." त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. एक दिवस तो बैठकीला आला नाही, पुढच्या दिवशीही नाही. तो कुठे गेला हे कुणी विचारत नसे, तसा शिष्टाचारच नव्हता. मला मात्र कळलं, कारण मला पूर्ण बाजूला करून त्याची जागा नकाशावर दाखवली गेली. तो सीमेपलीकडे होता, आणखी तिघांसोबत.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग एक दिवस सकाळी बिनतारी संदेश आला. पोपट आणि त्याच्या सोबत्यांच्या परतीच्या वाटेवर दरड कोसळली होती, एकाचा पाय मोडला होता आणि पलीकडची माणसं त्यांच्या मागावर होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांना निघायलाच हवं होतं. कुलूपसाहेब आणि दोन अधिकारी नकाशासमोर उभे राहिले. वाटा दोनच होत्या. एक धनगरांच्या खिंडीतून लांबचा वळसा, जखमी माणसाला उचलून नेताना जीव काढणारा. दुसरी सरळ, जवळची, दरीवरच्या साकवावरून.

"हा साकव बरा सापडला," कुलूपसाहेब म्हणाले. "डोली यावरून जाईल."

मित्रांनो, मी दांडीच्या टोकाला चुरगळून लटकत होतो. ज्या साकवावर ते बोट ठेवत होते, तो त्या दरीवर कधी नव्हताच. धुक्यात डोली घेऊन चार माणसं तिथवर जातील, पुढे पूल नाही, मागे शोधणारे, आणि खाली दरी. आयुष्यात पहिल्यांदाच मला मी पडदा असल्याचं वाईट वाटलं.

दुपारी कुलूपसाहेबांनी रेघताईंना बोलावलं. त्यांच्या परवान्यामुळे दोरीमामांनी मला लाल खुणेपर्यंत ओढून घेतलं. साहेबांनी सावधपणे विचारलं, "डोंगराळ भागात, दाट धुक्यात, लाकडी साकव किती अंतरावरून दिसतो? आणि त्यावरून डोली नेता येते का?"

"कुठला साकव?" रेघताईंनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

रेघताईंनी झटकन माझ्याकडे बघितलं. त्या सगळ्या डोंगरपट्ट्याचा कण न् कण त्यांनी जुळवला होता. नकाशावर तिथे साकव एकच होता, आणि तो त्यांनीच काढला होता.

"साहेब, भिंतीवरच्या नकाशावरून जर कुणी..."

"रेघताई, पुढे बोलू नका. कशाच्या आधारे विचारतोय ते तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही. आणि तुम्हाला तर्क करायचाही नाही."

"मला तर्क करायचा नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे."

"ती सांगायचा तुम्हाला अधिकार आहे?"

रेघताईंना तो अधिकार नव्हता. चोरखूण फक्त नकाशा ताब्यात घेणाऱ्याला सांगायची, तीही घेताना एकदाच, आणि त्याने ती ऐकून घेतली नव्हती. आता सांगायची तर वरून लेखी परवानगी हवी. त्या वळल्या आणि बाहेर गेल्या. दोन गुपितं एकाच खोलीत, माझ्या दोन बाजूंना उभी होती. एकमेकांना भेटली तरच चार माणसं वाचणार होती. पण त्यांची भेट होऊ नये यासाठीच तर मला तिथे टांगलं होतं.

रेघताई परवाना विभागात गेल्या होत्या, हे मला नंतरच्या चौकशीत कळलं. तिथल्या कारकुनाने सांगितलं, अर्ज द्या, समिती पुढच्या महिन्यात बसते. त्या विचारत राहिल्या, आज कोण सही करू शकेल? कुणीच नाही, असं उत्तर मिळालं. दुसरा कुणी असता तर घरी गेला असता आणि म्हणाला असता, मी माझं कर्तव्य केलं. कदाचित आपला तर्क चुकीचाही असेल, असं मनाला समजावलं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत दारावर टकटक झाली. आत बैठक चालू होती. दोरीमामांनी मला सर्रकन बंद केलं आणि दार उघडलं. रेघताई आत आल्या, कुणाकडे न बघता थेट माझ्यासमोर आल्या.

"दोरीमामा, पडदा उघडू नका," त्या म्हणाल्या. "अगदी जराही नको."

दोरीमामांना आयुष्यात असा हुकूम कुणी दिला नव्हता. ते दोरी धरून उभेच राहिले.

रेघताईंनी माझी घडी हाताने ताणून सपाट केली. डोळे मिटले. नकाशाच्या चौकटीचा कोपरा माझ्यावरून बोटांनी चाचपला, तिथून वितीने मोजत हात आडवा नेला, मग खाली आणला. ज्यांनी स्वतःच्या हाताने ती दरी काढली होती, त्यांना ती कापडावरून शोधायला उजेड लागत नव्हता. पदराला लावलेली टाचणी त्यांनी काढली आणि माझ्यातून आरपार नकाशात टोचली.

"रेघताई, हात खाली घ्या," कुलूपसाहेब म्हणाले.

"घेते. पण टाचणी राहू दे." त्यांनी हात खाली घेतला. "मी पडदा उघडला नाही. काही पाहिलं नाही. तुमचं काय चाललंय ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. पण जिथे ही टाचणी आहे, तिथे नकाशात जे काढलंय, ते जमिनीवर नाही. कधीच नव्हतं. तिथे नुसती दरी आहे. ही नकाशातली चोरखूण आहे. हे सांगायचा मला अधिकार नव्हता, हेही लिहून घ्या."

आणि त्या आल्या तशा निघून गेल्या.

दार बंद झालं. कुलूपसाहेब पुढे आले. मला ओढून उघडलं असतं तर मी फाटलो असतो, म्हणून त्यांनी माझी कड उचलली आणि मागे डोकं घालून बघितलं. टाचणीचं टोक साकवाच्या बरोबर मध्यावर रुतलं होतं. साहेबांनी ते बोटाने चाचपून बघितलं. त्यांचा श्वास मला लागत होता. मग ते हलकेच म्हणाले, "मोजणीसाहेब हेच सांगायला आले होते." त्यांनी लगेच संदेश पाठवायला सांगितला: साकवाकडे जाऊ नका, खिंडीतून या.

पुढचे तीन-चार दिवस साहेब खोलीतच बसून संदेशाची वाट बघत होते. काकू चहा ठेवून जात आणि तो तसाच राही. मग एके दुपारी संदेश आला, चौघंही पोचले. पोपटाच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेली होती, पण चौघं जिवंत होते. माझा जीव भांड्यात पडला. कुलूपसाहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "मामा, पडदा ओढून घ्या." खोलीत आमच्याशिवाय कुणीच नव्हतं, तरी मामांनी मला ओढून घेतलं.

आता तुम्हाला वाटेल, रेघताईंचा सत्कार झाला असेल. मित्रांनो, त्यांची चौकशी झाली. चोरखूण विनापरवानगी उघड केली, हा एक गुन्हा. सरकारी पडद्याला भोक पाडलं, हा दुसरा. कुलूपसाहेबांनी अहवालात सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. त्या टाचणीमुळे चार माणसं परत आली, हेही लिहिलं. पण चार माणसं हा भाग अतिगुप्त होता आणि चौकशी समितीचा परवाना गुप्त होता. त्यामुळे समितीपुढे कागद गेले ते तेवढा भाग काळ्या शाईने झाकून. समितीला फक्त एक बाई दिसली, जिने नियम मोडला आणि का मोडला त्याचं कारण दिलं नाही. रेघताईंना काही विचारलं की त्या म्हणत, "मला जे माहीत होतं ते मी केलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही." त्यांचा परवाना सगळ्यात खालच्या पायरीवर आणला आणि तळघरातल्या भांडारात त्यांची बदली झाली. तिथे त्या दिवे, दोर, छत्र्या आणि झाडू मोजून देऊ लागल्या.

माझ्याही वाट्याला भांडारच आलं. माझ्यावरचं भोक कुठल्या जागी आहे हे कळलं तर नकाशावरची जागा कळेल, म्हणून मीसुद्धा अतिगुप्त ठरलो. मला धुवायचं नाही, शिवायचं नाही, विकायचं नाही, जाळायचं तर समिती हवी. मला घडी घालून खाकी कापडात बांधलं, लाखेची मोहोर लावली आणि तळघरातल्या कपाटात ठेवलं. ज्या बाईंनी मला टोचलं होतं, त्याच बाई माझं कपाट दर आठवड्याला झटकत आणि आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगू, माहीत करून घेणं अवघड नव्हतं. मोहोर हाताच्या अंतरावर होती. पण त्यांनी ती कधी तोडली नाही. अंधारात, कसर लागत, मी वर्षानुवर्षं पडून राहिलो आणि जे त्यांना सांगायला हवं होतं ते गिळून बसलो.

परवाना तपासणारा अधिकारी दर वर्षी भांडारात येई. ठरलेले प्रश्न विचारून झाले की शेवटी म्हणे, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" रेघताई दर वर्षी तेच विचारत, "मी टाचणी टोचली, ती कुणाच्या उपयोगी पडली का?" तो कागद चाळून म्हणे, "सांगता येत नाही." अधिकारी बदलले, प्रश्न बदलला नाही. एक तरुण अधिकारी वैतागून म्हणाला, "बाई, उत्तर हेच मिळणार, मग दर वर्षी कशाला विचारता?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला विचारायचा कंटाळा येत नाही, मग मला का यावा?"

पोपट अधूनमधून दिवा किंवा दोर न्यायला येई. त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. वाट बदला, एवढाच हुकूम त्याला मिळाला होता. तो कुणामुळे मिळाला, ते त्याला कळायची गरज नाही असं ठरलं होतं.

"कुठे होतास रे तेव्हा इतके दिवस?" ताईंनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"होतो इकडेच."

"आणि ती बोटं?"

"दारात सापडली."

"मोठं दार असणार," ताई म्हणाल्या, आणि दोघंही विषय बदलून हसले. मी कपाटात बसून हे ऐकत होतो. आपल्याला तोंड नाही याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

कुलूपसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी ते छत्री जमा करायला स्वतः खाली आले. छत्री दिली, पावती घेतली, तरी उभेच राहिले.

"रेघताई, एक गोष्ट सांगायची राहून जातेय."

"मग सांगा."

"सांगता येत नाही."

"माहीत आहे मला."

साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "त्या वेळी मी मोजणीसाहेबांचं ऐकून घ्यायला हवं होतं. एवढं माझं स्वतःचं आहे, एवढं सांगतो. आणि आणखी एक. आपल्याकडे गुपित सुरू कधी झालं ते लिहितात, संपणार कधी ते कुणी लिहीत नाही. त्या एका फायलीवर मी संपायची तारीख घातली आहे. वरचे लोक कुरकुरले, पण ती खोडू दिली नाही." ताईंनी तारीख विचारली नाही, साहेबांनी सांगितली नाही.

रेघताईंचे केस पांढरे झाले. नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं. त्या वर्षी एका सकाळी पोपट खाली आला. आता तोच कचेरीचा साहेब होता, पोटही सुटलं होतं. त्याच्या हातात एक फाईल होती आणि चेहरा असा, की ताईंनी त्याला आधी स्टूल दिलं. तो बसला नाही. थेट माझ्या कपाटाकडे आला, मोहोर तोडली आणि मला बाहेर काढून टेबलावर पसरलं. ताईंनी मला बघितलं. मग त्यांचा हात न शोधता बरोबर त्या भोकावर गेला.

"ताई," पोपट म्हणाला, "तुम्ही म्हणे दर वर्षी एक प्रश्न विचारता."

"विचारते."

"आज मला विचारा."

ताईंनी टेबलाची कड धरली. "मी टाचणी टोचली, ती कुणाच्या उपयोगी पडली का?"

"पडली. चौघांच्या."

"चौघं पोचले?"

"पोचले. एकाला आम्ही खिंडीतून डोलीत आणलं. त्याला आता नातू आहे." त्याने हातातली फाईल टेबलावर ठेवली. "आम्ही म्हणजे, मी होतो ताई त्यात. मला आज सकाळी कळलं. फाईल आज उघडली."

ताईंनी टेबलाची कड सोडली. मग त्यांनी त्याचा डावा हात ओढून घेतला आणि उरलेल्या बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "मेल्या, आणि इतकी वर्षं तू माझ्याकडून दिवे नेत होतास." त्या रडत होत्या, तोही रडत होता, आणि तो आता मोठा साहेब आहे याचं भान दोघांनाही नव्हतं.

मित्रांनो, मी आयुष्यभर झाकण्याचंच काम केलं, म्हणून हक्काने सांगतो. झाकावं लागतं. पोपट पलीकडे कुठे आहे हे मी उघड केलं असतं, तर तो पहिल्याच आठवड्यात संपला असता. म्हणून जे झाकायचं ते नीट झाका, घट्ट झाका. पण झाकण्याआधी दोन गोष्टी ठरवून ठेवा, हे कुणापासून झाकतोय आणि कधीपर्यंत. ज्याला ते माहीत असायलाच हवं, त्याच्यापासूनच आपण ते झाकत नाही ना, एवढं बघा. आणि एखाद्याने तुमच्यासाठी नुकसान सोसलं असेल, तर ती गोष्ट त्याच्यापासून एक दिवसही जास्त झाकून ठेवू नका.

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "तो साकव खोडला का रे मग?"

पोपट ओशाळला. "नाही. त्याच्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आहे. अतिगुप्त नकाशाला हात लावायचा तर तेवढ्या परवान्याचा नकाशेवाला लागतो. तसा कुणी मिळालाच नाही."

"म्हणजे अजून आहे?"

"आहे."

"आणि चिठ्ठी पडली तर?"

ताईंनी टेबलाचा खण उघडला, त्यातून शाई खरवडायचं ब्लेड काढलं आणि जिन्याकडे निघाल्या.

"ताई, निदान पाणी तरी घ्या. बसा जरा."

"बसेन की. आधी तो पूल काढून टाकू दे," रेघताई म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या.